तुरुंगातली शाळा

भारतातल्या तुरुंगांत शिक्षण आले ते सरकारच्या इच्छेने नव्हे. 1836 साली नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीत इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता खुद्द मेकॉले होता. कैद्यांना नीतीचे वा अक्षरांचे शिक्षण देण्याची कल्पना या समितीने 1838 च्या अहवालात साफ फेटाळली. तुरुंगाची दहशत बसली पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. कैद्याची सुधारणा हाही शिक्षेचा हेतू असतो, हे मान्य व्हायला 1919-20 ची तुरुंग समिती यावी लागली.

तोवर कैद्यांनी आपली शाळा आपणच भरवली होती. अंदमानच्या तुरुंगात 1911 मध्ये पोचलेल्या सावरकरांना लिहायला कागद नव्हता. कोठडीच्या भिंतीवर खिळ्याने ओळी कोरायच्या आणि पाठ करायच्या. निरक्षर सोबत्यांना साक्षर करण्याची खटपट त्यांनी केली, तिची हकीकत ‘माझी जन्मठेप’मध्ये आहे. त्याच तुरुंगात 1933 साली क्रांतिकारकांनी उपोषण केले, त्यात तिघांचे प्राण गेले. त्यानंतर कोठडीत दिवा आणि वाचायला पुस्तके मिळाली. दिव्याची ही किंमत विसरण्याजोगी नाही.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून असे सलग 18 रविवार गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हाती आहे. नाशिकच्या तुरुंगात त्याच सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्या वाचन-चर्चा चालत. 1934 च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बीजे तिथली.

स्वातंत्र्य येईपर्यंत हे शिकलेले कैदी बाहेर पडले होते, मागे उरले साधे गुन्हेगार. त्यांच्या शिक्षणाची शिफारस तुरुंग-सुधारणांसाठीच्या मुल्ला समितीने 1983 मध्ये केली. दिल्लीच्या तिहार तुरुंगात 1993 नंतर, तिथल्या प्रमुख किरण बेदींच्या काळात, शिकलेला बंदी न शिकलेल्याला शिकवू लागला, म्हणजे जुनीच रीत सरकारी झाली. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे कारागृहांत निघाली. पदवी मिळवणाऱ्या शिक्षाबंद्याला शिक्षेत सूटही मिळते.

कच्च्या कैद्याला मात्र या सुटीचा उपयोग नाही. त्याला अजून शिक्षाच झालेली नसते. जामीन किंवा बदली झाली की त्याचा अभ्यासही अर्ध्यावर तुटतो. 2022 अखेर देशातले सुमारे 76 टक्के बंदी असेच कच्चे कैदी होते.