कृष्णेचे वाटणीपत्र

जुन्या वाटणीपत्रांत भावांच्या हिश्श्यांबरोबर आईच्या पोटगीचेही एक कलम बहुधा आढळते. जिला आपण माई म्हणतो, त्या कृष्णेच्या वाटणीपत्रात मात्र असे कलम नव्हते.

कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ मध्ये आला आणि पुढील अहवाल १९७६ मध्ये. चारांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे २,०६० टीएमसी, म्हणजे तितकेच अब्ज घनफूट, पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० असे हिस्से ठरले. वाचकांनी बेरीज करून पाहावी. शिल्लक काही उरत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी जे अधिक येईल, ते वापरण्याची मुभा आंध्रला दिली गेली, हक्क मात्र नाही. नदी वादी नव्हती आणि प्रतिवादीही नव्हती. त्या काळाला दोष देणे सोपे आहे. पण लवादाचे काम चालू असतानाच महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला होता. माणसांचेच घसे कोरडे असताना माशांच्या वतीने कोण बोलणार?

अधिक बोलका आहे तो शब्द : 'वाया'. समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे आपण आजही सहज लिहितो. वास्तविक तेच पाणी त्रिभुज प्रदेशाला गाळ पुरवते, खाडीतला खारेपणा मागे रेटते, आणि पुराच्या लोंढ्यावर अनेक माशांची वीण अवलंबून असते. (कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवून वाशिष्ठीत सोडायला याच लवादाने मान्यता दिली. त्याला मात्र कोणी वाया म्हणत नाही.)

२००७ च्या कावेरी निवाड्यात ७४० पैकी १० टीएमसी पर्यावरणासाठी राखले गेले, आणि ४ टीएमसी समुद्राकडे 'अटळपणे निसटणारे' म्हणून. पाणी पळून जाते आहे, ही कल्पना सुटलेली नाहीच!

कृष्णेच्या बाबतीत दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये किमान प्रवाहासाठी १६ टीएमसी ठरवले : महाराष्ट्राकडून ३, कर्नाटकाकडून ७, आंध्रकडून ६. पोटगीचे कलम अखेर लिहिले गेले, तेही 'किमान' या विशेषणासह. नदीला केवळ वर्षाची बेरीज पुरत नाही; पाणी कोणत्या महिन्यात आणि किती वेगाने येते, यावर तिचे जीवन चालते. हा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मनाई केली.