कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा डोंगरपट्टा

अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. डोंगरातली वस्ती मात्र कितीतरी जुनी. हरिश्चंद्रगडावर चौदाव्या शतकात चांगदेवांनी तप केल्याची परंपरा आहे. इंग्रजी अमलात महादेव कोळ्यांच्या बंडाला याच कडेकपारींनी आसरा दिला. देवगावच्या राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी झाली. सावकारी जाच हे त्या उठावाचे एक मोठे कारण होते.

१९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाले. तेव्हापासून खालच्या रंधा धबधब्याचा जोर पावसाइतकाच धरणाच्या विसर्गावर ठरतो. कालव्यांचे पाणी मिळाले ते खालच्या ऊसपट्ट्याला. घाटमाथ्यावरची शेती मुख्यतः पावसाच्याच भातावर राहिली, हे विसरता येत नाही.