विजेवरची मोटार : चार्जिंगचा आणि रोजच्या खर्चाचा हिशेब

विजेवरच्या मोटारीला किलोमीटरमागे जेमतेम एक रुपया खर्च येतो, असे विक्री दालनात हमखास सांगितले जाते. हे विधान खोटे नाही, पण ते अपुरे आहे. युनिटला सहा-सव्वासहा रुपये दर असेल आणि सगळे चार्जिंग घरीच होणार असेल, तरच तो आकडा जुळतो. महाराष्ट्रातील शहरी कुटुंबाला प्रत्यक्षात किती खर्च येईल, हे गाडीपेक्षा घरचे वीजबिल आणि पार्किंगची जागा यांवर अधिक अवलंबून असते. गाडी घेण्यासाठी दोन-तीन लाख रुपये जादा मोजण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून पाहणे हिताचे ठरते.

बॅटरी आणि युनिट

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगितली जाते. एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. २०२२ मध्ये आलेल्या टियागोच्या विद्युत आवृत्तीत १९.२ आणि २४ युनिट असे दोन पर्याय देण्यात आले. कौटुंबिक आकाराची मोटार शहरात १०० किलोमीटरला साधारण १३ ते १५ युनिट वीज वापरते. मात्र मीटरमधून निघालेली सर्व वीज बॅटरीत पोहोचत नाही. चार्जर आणि बॅटरी तापण्यात दहा ते पंधरा टक्के वीज खर्ची पडते. त्यामुळे हिशेबासाठी १०० किलोमीटरला मीटरवर १६ युनिट धरणे योग्य.

प्रमाणपत्रावरील पल्ला चाचणीच्या परिस्थितीत मोजलेला असतो. नेक्सॉनच्या पहिल्या आवृत्तीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. रोजच्या वापरात कोणत्याही गाडीकडून जाहीर पल्ल्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकीच अपेक्षा ठेवावी. वातानुकूलन, ताशी शंभरचा वेग आणि घाट यांनी पल्ला घटतो. सुमारे सोळाशे किलो वजनाची भरलेली गाडी पनवेलच्या सपाटीवरून खंडाळ्यापर्यंत सहाशे मीटर वर नेण्यासाठी केवळ चढाईपोटी अडीच ते तीन युनिट वीज लागते. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि त्यातील काही भाग बॅटरीत परत येतो.

चार्जिंगचे तीन मार्ग

घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॉट वेगाने चार्जिंग होते. तीस युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरण्यास त्यावर आठ-नऊ तास लागतात. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर हेच काम साधारण चार तासांत करतो. महामार्गावरील जलद चार्जर बॅटरीला थेट एकदिश प्रवाह देतो आणि दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत सुमारे तासाभरात नेतो. शेवटच्या वीस टक्क्यांत वेग मंदावतो. म्हणून प्रवासात ऐंशीवर थांबून पुढे निघणे शहाणपणाचे.

घरी चार्जिंग करताना मीटरपासून पार्किंगपर्यंत पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण आणि भरवशाचे अर्थिंग आवश्यक आहे. अर्थिंग सदोष असल्यास अनेक चार्जर सुरूच होत नाहीत. साधी एक्स्टेन्शन बोर्ड वापरणे धोक्याचे आहे, कारण तासन्‌तास चालणाऱ्या जड प्रवाहाने ती तापते. जोडणीचा मंजूर भारही तपासून घ्यावा. तळघरातील पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी साचत असेल, तर सॉकेट त्या पातळीच्या बराच वर बसवावा.

टप्प्यांचा फटका

घरगुती विजेचा दर वापराबरोबर चढत जातो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० साठी दुसरा, ३०१ ते ५०० साठी तिसरा आणि त्यापुढे चौथा. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. मोटारीची युनिटे ही घरच्या वापरावर चढलेली असतात. ती सरासरी दराने नव्हे, तर वरच्या टप्प्याच्या दराने मोजली पाहिजेत. नेमकी हीच गोष्ट जाहिरातीत सुटते.

समजा, एका कुटुंबाचा घरचा वापर महिन्याला २०० युनिट आहे आणि गाडी महिन्याला १,००० किलोमीटर धावते. गाडीला १६० युनिट लागतील. त्यांतील पहिली १०० दुसऱ्या टप्प्यात, तर उरलेली ६० तिसऱ्या टप्प्यात जातील. सर्व आकार धरून दुसऱ्या टप्प्याचा दर १३ रुपये आणि तिसऱ्याचा १८ रुपये मानल्यास खर्च १,३०० अधिक १,०८० म्हणजे २,३८० रुपये होतो. किलोमीटरमागे एक रुपया नव्हे, तर सुमारे दोन रुपये चाळीस पैसे. महावितरण, बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे दर वेगवेगळे असल्याने आपल्या बिलावरील आकडे घालून हाच हिशेब करावा.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे केवळ चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी निर्माण केली. तिला घरगुती टप्पे लागू होत नाहीत. या जोडणीवर युनिट ९ रुपयांना पडले, तर वरील १६० युनिटांचा खर्च १,४४० रुपयांवर येतो. मात्र स्थिर आकार दरमहा वेगळा द्यावा लागतो. ज्यांचा घरचा वापर कमी आणि गाडीचा वापरही थोडा आहे, त्यांना जुनीच जोडणी परवडू शकते.

चार्जिंगची वेळही महत्त्वाची आहे. रात्रीची वीज स्वस्त, हा समज सर्वत्र लागू नाही. महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली, कारण सौर वीज त्या वेळी मुबलक असते. दिवसा गाडी घरीच उभी राहणाऱ्या कुटुंबाला तिचा लाभ घेता येतो.

पेट्रोल, सीएनजी आणि वीज

हेच १,००० किलोमीटर लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीने कापल्यास, लिटरला १०४ रुपये दराने सुमारे ७,४०० रुपये लागतात. किलोला २२ किलोमीटर देणाऱ्या सीएनजी गाडीला, ८० रुपये दराने, सुमारे ३,६०० रुपये. सार्वजनिक जलद चार्जरवर वस्तू व सेवा कर धरून युनिटला साधारण १८ ते २५ रुपये मोजावे लागतात. सगळे चार्जिंग तेथेच २२ रुपयांनी केल्यास १५० युनिटांचे ३,३०० रुपये होतात. म्हणजे घरी चार्जिंगची सोय नसेल, तर विजेची गाडी चालवण्याचा खर्च सीएनजीच्या आसपास जातो आणि चार्जरपाशी घालवलेला वेळ वेगळाच.

पेट्रोलच्या तुलनेत घरच्या चार्जिंगने वरील कुटुंबाचे महिन्याला सुमारे ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये वाचतात. गाडीसाठी तीन लाख जादा मोजले असतील, तर ते पाच वर्षांत वसूल होतात. तेच कुटुंब महिन्याला केवळ ५०० किलोमीटर फिरत असेल, तर वर्षाची बचत ३२,००० रुपयांच्या आसपास राहते आणि वसुलीला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. रविवारी देवदर्शनाला आणि अधूनमधून बाजारात जाणाऱ्या गाडीसाठी हा व्यवहार केवळ पैशाच्या दृष्टीने फायद्याचा नाही.

इतर खर्च आणि सवलती

विजेच्या गाडीत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर नसतात. ब्रेकही कमी झिजतात. त्यामुळे सर्व्हिसिंगचा खर्च कमी येतो. वजन जास्त असल्याने टायर मात्र लवकर झिजू शकतात. त्रयस्थ व्यक्तीसाठीच्या विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत आहे. पण गाडीची किंमत जास्त असल्याने सर्वंकष विम्याचा एकूण हप्ता वाढू शकतो.

विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांपर्यंत उतरल्याने किमतीतील तफावत पुन्हा वाढली. कर्जाच्या व्याजावरील दीड लाख रुपयांपर्यंतची प्राप्तिकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या खरेदीदाराने ती हिशेबात धरू नये. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करात सूट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी जाहीर झाली. द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला होता. महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन येणाऱ्यास ही बचत लक्षणीय आहे. फास्टॅगमधून रक्कम वळती झाली नाही ना, हे प्रवासानंतर पाहावे.

बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत असते. हमीनंतर बॅटरी बदलण्याचा खर्च काही लाखांत जाऊ शकतो. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल अधिकृत केंद्रातून मागून घ्यावा.

सोसायटीतील प्रश्न

शहरात खरा अडसर बहुधा विजेचा नसून पार्किंगचा असतो. मीटर तळमजल्यावर, गाडी दूरच्या कोपऱ्यात आणि मधली वायर सर्वांच्या जागेतून जाणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय वीज ग्राहक हक्क नियमांनुसार ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. नवी जोडणी देण्याची मुदत महानगरांत तीन, तर इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस ठरवण्यात आली आहे. तथापि वायर कोठून जाणार, ती कोणाच्या खर्चाने बसणार आणि देखभाल कोण करणार, हे सोसायटीच्या सभेत लेखी ठरवून घ्यावे लागते. एकेकाने वेगवेगळ्या वायरी ओढण्यापेक्षा पुढील काही वर्षांतील गाड्यांचा अंदाज घेऊन सामाईक पॅनल बसवणे सोसायटीला स्वस्त पडते.

गाडीची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी चार गोष्टी हाती असाव्यात : सोसायटीचे ना-हरकत पत्र, परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दिलेला वायरिंगचा अंदाज, गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणि सध्याच्या गाडीच्या वर्षभराच्या किलोमीटरची नोंद. या चार कागदांवरून निघणारे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खरे असेल.