आधी अभिप्राय, मग नंबर

कामथडीच्या बाजूला जत्रेत लेझीम चालू असलं की मधेच हलगी थांबायची. थांबवणारा वस्तादच. "पाय आधी पडतोय, आवाज मागनं येतोय. पुन्हा घे." एवढंच बोलणं, तेही चारचौघांत. पोरगं लाजायचं, पण पुढच्या फेरीला पाय आवाजावर पडायचा. मी लेझीम असं शिकलो आणि पुढे शाळेत शिकवलंही. आता भोर-वेल्ह्यात स्नेहसंमेलनांना परीक्षक म्हणून बोलावतात, तेव्हा हातात तक्ता देतात: वेशभूषा, ताल, समूहातला मेळ, सादरीकरण. शेवटी 'अभिप्राय' असा रकाना असतो, बोटभर रुंदीचा.

तक्ता आला कुठून? लेझीम मुळात तालमीतलं. इराणच्या व्यायामशाळांत साखळीचं लोखंडी धनुष्य आजही डोक्यावर हलवतात, आपल्या लेझमीचं नातं तिथपर्यंत जातं. लेझीम शाळेत आलं कवायतीच्या रांगेतून. आठ आवाज, दो रुख असे प्रकार ठरले, हुकूम ठरले, आणि हुकूम आला तिथे मोजदाद आलीच. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात महाराष्ट्राच्या मुलांनी लेझीम केलं, त्यानंतर तर रांग सरळ असणं हाच मोठा गुण झाला. माझं मत विचाराल तर रांग दिसते, लेझीम ऐकायचं असतं. साखळी मिटताना मनगट वापरलं तर एकच खणखणीत 'छन्न' येतो. कोपर वापरला की नुसता खुळखुळाट. परीक्षक मागे मंडपात बसला तर हा फरक त्याला कळत नाही, म्हणून मी खुर्ची पुढे ओढतो.

बाईच्या नाचाचा निवाडा तर वेगळाच होता. लावणीच्या संगीतबारीत परीक्षक म्हणजे बैठकीतला पैसेवाला. आवडत्या अदेला दौलतजादा, नावडतीला काही नाही. वाईट काय झालं हे कुणी सांगायचं नाही, नोट थांबली की समजून घ्यायचं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली. तिथे प्रश्न श्लील-अश्लीलाचा. पावलाकडे कोण बघतंय! अकलूजला 1993 पासून जयसिंह मोहिते-पाटलांनी लावणी स्पर्धा भरवली, तेव्हा कलाकेंद्रातल्या बाया परीक्षकांसमोर आणि बायाबापड्यांच्या गर्दीसमोर उघड्या मंचावर नाचल्या. नोट फेकणाऱ्याच्या जागी जाणकार बसला, हा बदल मला फार मोठा वाटतो.

मग टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा आल्या. 'एकापेक्षा एक'मध्ये सचिन पिळगांवकर महागुरू म्हणून बसले आणि आमच्या गावोगावच्या परीक्षकांना माईकची गोडी लागली. "छान, अजून मेहनत घ्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. कसली मेहनत? पायाची, हाताची, की घागऱ्याच्या नाडीची?

मी माईकवर बोलतच नाही. नाच संपला की पोरांची धाप बसू देतो आणि पथकाच्या पुढारी पोराला नाहीतर पोरीला बाजूला घेतो. आधी जे नीट झालं ते जागा दाखवून सांगतो: "वळताना तुमच्या दोन्ही ओळी एका दमात फिरल्या." मग एकच दुरुस्ती. गेल्या खेपेला एका मुलीला म्हटलं, "तू डावीकडच्या मैत्रिणीकडे बघून उचलतेस, म्हणून तुझा आवाज पाव ठोका उशिरा येतो. हलगीकडे कान ठेव." तिने तिथेच हवेत दोनदा करून दाखवलं. चार चुका सांगितल्या असत्या तर तिने मान डोलावली असती आणि घरी गेली असती.

हे सगळं निकालाआधी उरकायचं. एकदा नंबर पुकारला की जिंकलेले ऐकत नाहीत आणि हरलेल्यांना परीक्षकाचं तोंड बघायचं नसतं. आयोजकांना हा वेळ खटकतो, आमदार खोळंबलेले असतात. मी आमदारांना चहा द्यायला सांगतो.