आजीची आठवणही पुरावाच

दहावीची लेकरं इतिहास घोकतात. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, हे त्यांच्या तोंडपाठ असतं. पण ‘हे कशावरून?’ असं विचारलं की गप्प!

इतिहासाची साधनं तीन: भौतिक, लिखित, मौखिक. तिन्ही आपल्याकडेच आहेत. कंधार, उदगीरचे किल्ले भौतिक. पेटीतला निजामकाळचा उर्दू कागद लिखित. रझाकारांच्या भीतीनं रात्री रानात काढल्याची आजीची आठवण मौखिक.

साधन हाती आलं की चार प्रश्न विचारायचे. कुणी सांगितलं? कधी? कुणासाठी? काय सुटलं? १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी मोहिमेला सरकारनं ‘पोलीस कारवाई’ म्हटलं. आपण ‘मुक्तिसंग्राम’ म्हणून झेंडा लावतो. त्यानंतर नांदेड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत अनेक मुसलमान मारले गेले, हे सुंदरलाल समितीनं नोंदवलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणून आपल्या आजीसोबत शेजारच्या दादीलाही विचारा. दोघींचं ऐकलं तरच उत्तर पुरं होतं.

लेकरांना वही घेऊन बसवा. सांगणारीचं नाव, वय, गाव, आजची तारीख लिहा. मग पुस्तकाशी ताडून बघा. असं केलेलं लेकरू ‘सकारण स्पष्ट करा’ला अडत नाही.

आणि घाई करा. ते दिवस पाहिलेल्या बाया आता पंच्याऐंशी-नव्वदीच्या आहेत. जुन्या कागदांत बायकांची नावं फार थोडी सापडतात. आजी गेली, की तिचा पुरावाही गेला.