भिक्खू एन्निन यांचे चीनमधील नववर्ष

ज्ञानार्जनासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी आपल्या वर्षारंभाचा सण तेथे कसा पाळतो, या प्रश्नाचे एक अत्यंत जुने उत्तर बौद्ध वाङ्मयात सापडते. जपानच्या हिएई पर्वतावरील तेंदाई पंथाचे भिक्खू एन्निन (इ. स. ७९४-८६४) हे इ. स. ८३८ मध्ये जपानी राजदूतमंडळाबरोबर चीनला गेले. तेथे त्यांनी नऊ वर्षांहून अधिक काळ काढला आणि या काळाची रोजनिशी लिहून ठेवली. त्यांना अध्ययनासाठी थ्यनथाय पर्वतावर जावयाचे होते. परंतु तांग दरबाराची अनुमती मिळेना. अशा अनिश्चित स्थितीत त्यांचे पहिले परदेशी नववर्ष यांगझोऊ नगरातील कायुआन विहारात उजाडले.

जपानने कालगणना चीनकडूनच घेतली असल्याने दिवसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता दिव्यांचा. वर्षाच्या अखेरच्या रात्री, म्हणजे आपण जिला अमावास्येची रात्र म्हणू त्या रात्री, भिक्खूंनी व गृहस्थांनी कागदी धन जाळले. मध्यरात्रीनंतर लोकांनी दारापुढे बांबू पेटवले. पेरे फुटून मोठा आवाज होई व लोक दीर्घायुष्याचा घोष करीत. दुकाने खाद्यपदार्थांनी भरलेली होती. हे सर्व नोंदवून एन्निन लिहितात की, आमच्या देशात या रात्री अंगणात, घरात, दारात सर्वत्र दिवे लावतात. येथे मात्र नेहमीचाच दिवा असतो. कोरड्या तपशिलांनी भरलेल्या या रोजनिशीत घराची आठवण अशा तुलनेतून डोकावते.

त्याच रात्री विहारात घंटा झाली, संघ भोजनगृहात जमला व बुद्धवंदना झाली. त्यानंतर विहाराच्या कारभारी भिक्खूंनी वर्षभराच्या खर्चाचा हिशेब सर्वांसमक्ष वाचून दाखविला. सण म्हटला की आपण रोषणाई व मिष्टान्न आठवतो. दानाच्या पैशाचा हिशेब संघाला ऐकविणे हा वर्षान्ताचा विधी असू शकतो, ही गोष्ट आपल्या विहारांच्या विश्वस्तांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

दिवे आले ते पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला. रस्त्यांच्या दुतर्फा घरोघर दीप उजळले. जपानमधील वर्षान्ताच्या रात्रीपेक्षा हे काही निराळे नाही, असे एन्निन यांनी लिहिले. त्यांच्या विहारात बुद्धमंदिरापुढे दीपमनोरा उभारला होता. दर्शनास येणारे उपासक दीपदानाचे पैसे टाकीत. दुसऱ्या एका विहारात सात-आठ फूट उंचीच्या स्तूपाकार झाडावर सहस्र दीप मांडले होते. हा दीपोत्सव तीन रात्री चालला.

राजदूतमंडळ परत निघाले, परंतु एन्निन परवानगीविनाच मागे राहिले आणि इ. स. ८३९ च्या उन्हाळ्यात शांतुंगच्या किनाऱ्यावरील छिशान विहारात आश्रयाला आले. हा विहार कोरियातील सिल्ला राज्याच्या लोकांचा होता. येथे यजमानही परदेशीच! आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यांनी शेवया व पोळ्या करून तीन दिवस गाणे-नाचणे केले. हा सण केवळ सिल्लाचा आहे, असे तेथील वृद्ध भिक्खूंनी एन्निन यांना सांगितले. मायदेशाच्या आठवणीने हा विहार तो पाळतो, अशी नोंद त्यांनी केली आहे. जे समुदायाने राहत होते त्यांना आपला सण जसाच्या तसा करता आला. एन्निन यांच्याबरोबर मात्र दोन भिक्खू व एक सेवक एवढेच जपानी होते. त्यामुळे इ. स. ८४० च्या नववर्षाला त्यांच्या भोवती होती ती सिल्लावासीयांची धर्मसभा.

सद्धर्मपुंडरीक सूत्रावरील ही प्रवचनमाला आदल्या हिवाळ्यात सुरू झाली होती व नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला संपली. अखेरच्या दिवशी दोनशे लोक उपस्थित होते, आदल्या दिवशी अडीचशे. त्याच पौर्णिमेला एन्निन यांना नव्या वर्षाच्या पंचांगाची एक प्रत मिळाली. ती त्यांनी आपल्या रोजनिशीत उतरवून घेतली आणि पुढच्या महिन्यात ते थ्यनथायऐवजी उत्तरेकडील वुथाय पर्वताच्या वाटेला लागले.