किरमिजी ज्योत

फ्लेम फोटोमीटरच्या निळ्या ज्योतीत मिठाचं पाणी गेलं की ती पिवळीधमक होते. लिथियमचं द्रावण गेलं तर किरमिजी. उन्मादावर लिथियम घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात मात्र ते इतकं थोडं असतं की डोळ्यांना रंग दिसत नाही, काटा तेवढा सरकतो. एका सिव्हिल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मी ३१ वर्षं तो काटा वाचला. ‘सीरम लिथियम’ लिहिलेली चिठ्ठी आली की बाकीच्या ट्यूब बाजूला ठेवायचे. लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल असलं तर ते औषध. १.५ च्या वर गेलं की हात थरथरतात, जीभ अडखळते, चालताना तोल जातो. २ च्या पुढे जिवाशी गाठ. औषध आणि विष इतक्या जवळ असल्यामुळे लिथियमचा इतिहास मला मोजमापाचाच इतिहास वाटतो.

पुस्तकांत तो जॉन केडपासून सुरू होतो. जपान्यांच्या कैदेत, सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षं काढून आलेला हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर. मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या इस्पितळात एका रिकाम्या कोठीत त्यानं प्रयोग मांडले. उन्मादाच्या रोग्यांच्या लघवीत काही विष असावं, अशी त्याची कल्पना होती. ती चुकीची ठरली. पण गिनीपिगना टोचायला युरिक अॅसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यानं त्याचा लिथियमशी झालेला क्षार घेतला, आणि एरवी बुजरे असणारे ते प्राणी उताणे केले तरी शांत पडून राहिले. मग त्यानं लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं. मार्च १९४८ मध्ये ५१ वर्षांच्या एका रोग्याला दिलं. पाच वर्षं सतत उन्मादात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजूही झाला.

एवढ्यावर गोष्ट थांबवतात, याचं मला वाईट वाटतं. त्या माणसानं पुढे औषध सोडलं, पुन्हा आजारी पडला, पुन्हा लिथियम सुरू झालं, आणि १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनं गेला. त्याच्या रक्तात किती साठत चाललंय हे कुणी मोजत नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत, मीठ वर्ज्य केलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. त्यातले काही दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं.

त्या मृत्यूंमागचं कारण मी आमच्या लॅबमध्ये पाहिलंय. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांतला फरक फारसा कळत नाही. अंगात मीठ कमी पडलं की ते सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. एका चातुर्मासात आमच्या नेहमीच्या एका बाईंचं लिथियम १.९ आलं. दोनदा तपासलं, तेवढंच. गोळ्या वाढवल्या नव्हत्या. “ताई, मी अळणीचं व्रत धरलंय,” त्या म्हणाल्या. मी चिठ्ठी घेऊन जिन्यानं धावत वर गेले.

केडच्या मेलबर्नमध्येच पुढे एडवर्ड ट्राउटनर या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं शरीरात लिथियम किती राहतं आणि किती बाहेर पडतं, याचा चिकाटीनं अभ्यास केला. डेन्मार्कमध्ये रिसकॉव्हला मोगेन्स स्कौ या डॉक्टरनं १९५४ मध्ये लिथियमचा प्रयोग प्रसिद्ध केला तेव्हा रक्तातलं लिथियम फ्लेम फोटोमीटरवर मोजलं जात होतं. स्कौचा स्वतःचा भाऊ वर्षानुवर्षं नैराश्यात जायचा. त्याला लिथियमनं गुण आला. १९७० मध्ये स्कौ आणि त्याचा सहकारी बास्ट्रुप यांनी, औषधावर स्थिर असलेल्या काही रोग्यांना लिथियमऐवजी पोकळ गोळ्या दिल्या. त्यांतल्या कित्येकांचा आजार उलटला. लिथियम चालू राहिलेल्यांत एकाचाही नाही. त्याच वर्षी अमेरिकेनं लिथियमला परवानगी दिली.

मोजणं आलं म्हणून चुका संपल्या नाहीत. एकदा चांगल्या स्थिर रोग्याचं लिथियम अचानक चढं आलं. माणूस समोर बाकावर बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होता. मला ते पटेना. ट्यूब पाहिली तर हिरव्या झाकणाची. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, आणि ते लिथियमचंच हेपॅरिन होतं. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, ०.७ आलं. पहिला आकडा तसाच वर गेला असता तर त्याचं औषध बंद झालं असतं.

दर तीन महिन्यांनी एक आजी मुलाला घेऊन यायच्या. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, मधे बारा तास. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. लिहिता येत नव्हतं, म्हणून वाण्याच्या हिशेबाची वही पुढे करायच्या आणि आकडा माझ्याकडून लिहून घ्यायच्या. तेल, गूळ, साबणाच्या खाली माझ्या अक्षरात ०.८, ०.७, ०.८.